पाय धुवायला तयार, पाय पुढे करायला नाही

प्रिय बंधू,

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं. असाच प्रश्न घेऊन बसलेले बरेच जण आहेत, म्हणून तुमची ओळख गाळून तो आधी थोडक्यात मांडतो आणि मग उत्तर देतो.

वय अठ्ठेचाळीस. लहानपण नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात गेलं. वडील दवाखान्यात ड्रेसर, पगार महिनाअखेरपर्यंत कधी पुरला नाही. तुम्ही शिकलात, पुण्यात नोकरीत वर चढलात, बहिणींची लग्नं केलीत, घर बांधलंत. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चला द्यायला चुकत नाही, मंडळीचे खजिनदार आहात. पण दोन वर्षं झाली, प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्द निघत नाही. एका रात्री पत्नी सहज बोलून गेली, "तुम्हाला देवाची गरज लागते कुठे?" तेव्हापासून झोप उडाली आहे. तुम्ही विचारता: मी बढाई मारत नाही, कोणाला हिणवत नाही, मग हा गर्व कसा? स्वतःच्या पायावर उभं राहणं पाप आहे का? आणि कमिटी सोडून देऊ का?

पहिल्याचं उत्तर आधी सांगून टाकतो. हो, गर्वच आहे. फक्त तुम्ही तो चुकीच्या खोलीत शोधताय.

गर्व म्हटलं की आपण बोलणं तपासतो. फुशारकी, मोठा आवाज, पहिल्या बाकावर बसायची हौस. या गोष्टी दिसतात, त्यामुळे मंडळीतली माणसं त्या लगेच ओळखतात आणि पाठीमागे हसतातही. खरं सांगू, या माणसांची मला फारशी काळजी वाटत नाही. बढाईखोराला तुमच्या कौतुकाची गरज असते, म्हणजे त्याला अजून कुणाची तरी गरज आहे. ज्याला कुणाकडूनच काही नको असतं, त्याच्या घरून परतताना माझं पाऊल जड होतं.

तीस वर्षं घरभेटी करतोय, त्यातून एक खूण सापडली. निघताना मी विचारतो, "प्रार्थनेचा विषय काय?" काही जण भडाभडा सांगतात: उधारी, पोराची दारू, सुनेचं माहेरी जाणं. काही जण "सगळं ठीक आहे, पाळकसाहेब" म्हणतात. तिसरा प्रकार मात्र फसवा. ते विषय देतात, चांगले चार-पाच देतात: बहिणीचा गुडघा, शेजाऱ्याचं ऑपरेशन, भारतातली सुवार्तेची सेवा. त्या यादीत ते स्वतः कुठेच नसतात. देवाच्या दवाखान्यात कायम रुग्णाचे नातेवाईक म्हणून यायचं, केसपेपर काही काढायचा नाही. बंधू, मी तुमच्या घरी आलो होतो. तुम्हीही यादी दिली होती. आठवून बघा त्यात कोण होतं.

म्हणून बढाई शोधू नका, मागणं शोधा. स्वतःसाठी, गरज आहे म्हणून, "नाही" ऐकावं लागेल ही जोखीम घेऊन शेवटचं कुणाकडे काय मागितलं होतंत? देवाकडे सोडा, माणसाकडे? तुम्हाला आठवायला वेळ लागत असेल तर तिथेच थांबा, दुखणं तिथे आहे.

आता हे होतं कसं. पवित्र शास्त्रात यहूदाच्या उज्जीया राजाची गोष्ट 2 इतिहास 26 मध्ये आहे, ती आपल्याकडे उपदेशात फार कमी येते. सोळाव्या वर्षी गादीवर आला, बावन्न वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, रानात विहिरी खोदल्या, गुरंढोरं, शेतकरी, द्राक्षमळे. शास्त्र मुद्दाम सांगतं की त्याला शेतीची आवड होती. हा माणूस मला आवडतो. आणि मग पंधराव्या आणि सोळाव्या वचनाच्या सांध्यावर सगळं उलटतं: बळकट होईपर्यंत त्याला अद्भुत साहाय्य मिळालं, आणि बळकट झाल्यावर त्याचं मन उन्मत्त झालं. धूप जाळणं हे फक्त याजकांचं काम, त्यासाठी तो स्वतःच मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणि त्याच्याबरोबरचे ऐंशी याजक आडवे आले, हा संतापला, आणि धूपपात्र हातात असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठलं.

लोक इथे शिक्षेवर बोलतात. मला सांधा महत्त्वाचा वाटतो. उज्जीयाला गर्व अपयशातून आला नाही की पापी संगतीतून आला नाही. देवाने जे साहाय्य केलं त्याच्याच ढिगावर तो उभा राहिला, आणि उंची आपली समजला. म्हणजे ऐकल्या गेलेल्या प्रार्थनाच पुढे प्रार्थना बंद पाडू शकतात. तुमचंही तेच झालंय असं मला वाटतं. पंचविसाव्या वर्षी फीसाठी, नोकरीसाठी तुम्ही गुडघ्यावर रडलात. मिळालं. आता मागायला काही उरलं नाही, आणि मागण्यापलीकडे देवाशी बोलायची सवय लागलीच नव्हती. शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो ते रानातल्या हालांच्या दिवसांसाठी नाही. पोटभर जेवाल, चांगली घरं बांधून राहाल, तेव्हा सांभाळा, 'माझ्याच बाहुबलाने मिळवलं' असं मनात म्हणाल, असं म्हणतो. मनात. तोंडाने म्हणाल असं नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. तो परुशी तरी काय म्हणतो? त्याची प्रार्थना "देवा, मी तुझे आभार मानतो" इथूनच सुरू होते. आपल्या साक्षीच्या सभाही तशाच सुरू होतात. आभार मानले म्हणजे गर्व गेला, असं नाही. त्याच्या प्रार्थनेत आभार आहेत, उपवास आहे, दशांश आहे, फक्त मागणं एकही नाही. जकातदाराच्या प्रार्थनेत मागण्याखेरीज दुसरं काही नाही.

पण तुमच्या पत्रासाठी खरं गाव लावदिकीया. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू तिथल्या मंडळीला पत्र पाठवतो. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण 'तू कोमट आहेस' या शब्दांपलीकडे आपण त्या पत्रात शिरतच नाही.

हे शहर आजच्या तुर्कस्तानात, देनिझली शहराजवळ होतं. हमरस्त्यावरची पेठ, सावकारीचं केंद्र, काळ्याभोर मऊ लोकरीसाठी नावाजलेलं. त्या भागात वैद्यकशाळा होती आणि डोळ्यांच्या औषधासाठीही तो मुलूख प्रसिद्ध होता. इ. स. 60 च्या सुमारास भूकंपात शहर कोसळलं. अशा वेळी रोमन सरकार मदत द्यायचं. रोमन इतिहासकार टॅसिटस मुद्दाम नोंदवतो की लावदिकीया रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभी राहिली. विचार करा, ती पिढी केवढ्या ताठ मानेने जगली असेल! आणि त्यात वाईट तरी काय? मीही टाळ्याच वाजवल्या असत्या.

मग त्या गावच्या मंडळीला पत्र येतं. 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही, असं तू म्हणतोस.' हे वाक्य हवेतून आलेलं नाही, ते गावाच्या पाटीवरचं आहे. मंडळीने गावाचा स्वभाव उचलला आणि त्यालाच विश्वास समजली. प्रभूचं उत्तर बघा: सावकारांच्या गावाला म्हणतो, माझ्याकडून सोनं विकत घे. काळ्या लोकरीच्या गावाला म्हणतो, शुभ्र वस्त्रं घे. डोळ्यांच्या औषधाच्या गावाला म्हणतो, डोळ्यांत घालायला अंजन घे. एकेका गोष्टीवर बोट ठेवलंय, आणि तेही ज्या गोष्टीत ते स्वतःला सगळ्यात पक्के समजत होते तिच्यावर. तुमच्या बाबतीत ते बोट कुठे पडेल? दारू किंवा परस्त्रीवर नक्की नाही. मला वाटतं, ते हिशेबाच्या वहीवर पडेल.

आणखी एक. या शहराला स्वतःचं चांगलं पाणी नव्हतं. पाणी लांबून दगडी नळांतून आणावं लागे; क्षाराने आतून निम्मे बुजलेले ते नळ अवशेषांत आजही पाहायला मिळतात. शेजारच्या हेरापलीला औषधी गरम झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंड ओढा, आणि यांच्या नळाला कोमट. रोमची मदत नाकारणारं गाव घोटभर पाण्यासाठी कित्येक मैल लांबच्या झऱ्यावर अवलंबून होतं. स्वयंपूर्णता हा भ्रम म्हणतात तो असा. माणूस कुठल्या नळावर जगतोय तेच त्याला दिसत नाही. तुमच्या पगाराच्या नळाला वडिलांच्या उपासाची, बोर्डिंगच्या शिक्षकाची, पत्नीने सोडलेल्या नोकरीची जोडणी आहे. (शेवटची माहिती तुम्ही पत्रात कंसात दिली होती. मी इथेही कंसातच ठेवतो, पण तुम्ही ती कंसाबाहेर काढा.)

आणि त्या पत्राच्या शेवटी ते वचन येतं, जे कॅलेंडरवरच्या चित्रासकट आपल्या निम्म्या घरांत भिंतीवर आहे: पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे. सुवार्तेच्या सभेत आपण ते बाहेरच्या लोकांना ऐकवतो. लिहिलंय मात्र मंडळीला. आत उपासना चालू आहे, पेटी वाजतेय, वर्गणी गोळा होतेय, आणि प्रभू बाहेर पायरीवर उभा. कुणी त्याला हाकललेलं नाही. त्याच्यावाचून काही अडलं नाही, एवढंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा. इथे मला तुमची बाजू घ्यायची आहे.

आपल्या लोकांत हा प्रश्न नाजूक आहे. नगरकडच्या कितीतरी घराण्यांचा ख्रिस्ती इतिहास 1876 ते 78 च्या दुष्काळाच्या आगेमागे सुरू होतो. 'मिशनच्या धान्यासाठी धर्म सोडला' हा टोमणा आपल्या आजे-पणजांनी ऐकला, आपणही शाळेत ऐकला. ज्याच्या ताटाकडे बघून असं बोललं गेलं, त्याच्या नातवाने 'मी कुणाचं काही घेणार नाही' अशी शपथ घेतली तर त्यात नवल नाही. तुमचे वडील उसने पैसे मागायला जात तेव्हा तुम्ही दाराबाहेर उभे असायचा, हे तुम्ही लिहिलंय. बंधू, तुमचा गर्व गर्व म्हणून जन्मला नाही. तो लाज म्हणून जन्मला, नंतर अंगात मुरला. म्हणून त्याला नुसतं झोडपून तो जाणार नाही.

काम करून खाणं हे पाप नाही. प्रेषित पौल तंबू शिवत होता आणि कोणावर भार घालू नये म्हणून रात्रंदिवस राबलो असं अभिमानाने लिहितो. गलतीकरांना तो एकाच श्वासात 'एकमेकांची ओझी वाहा' आणि 'प्रत्येकाने आपापला भार वाहावा' असं दोन्ही सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द निराळे आहेत: एक माणसाला चिरडणारं वजन, दुसरा ज्याची त्याने पाठीवर घ्यायची शिदोरी. शिदोरी आपली आपणच उचलावी. चूक तेव्हा होते जेव्हा चिरडणाऱ्या वजनालाही आपण शिदोरी म्हणतो.

याच पौलाचं एक वचन गाड्यांच्या काचांवर असतं: मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे. फिलिप्पैकरांस 4:13. काचेवर जागा नसते म्हणून चौदावं वचन कुणी लावत नाही. त्यात तो म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे बरं केलंत. तो सारा परिच्छेदच फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हातून पाठवलेल्या मदतीची पोच आहे. 'मला सगळं जमतं' म्हणणारा माणूस बंदिवासात बसून दुसऱ्यांनी पाठवलेली भेट स्वीकारतोय आणि तसं लिहून कळवतोय. ख्रिस्ती स्वावलंबन असलंच तर ते हे.

पंडिता रमाबाईंकडेही बघा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, त्या बाईंना बुद्धीचा आधार पुरेसा वाटला असता तर कोण काय बोललं असतं? 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला काही वर्षं गेली. शारदासदन उभं केलेली, नावाजलेली बाई हे छापून सांगते! आपल्यातला कुठला खजिनदार किंवा पाळक सांगेल?

मीही सांगितलं नसतं. सात वर्षांपूर्वी पावसाळ्यात घराच्या ओल्या पायरीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मंडळीतल्या बायकांनी डब्यांच्या पाळ्या लावल्या. मी पत्नीला म्हटलं, डबे नकोत म्हणून सांग, आपलं आपण बघू, लोकांना त्रास कशाला. ऐकायला किती छान! तिसऱ्या दिवशी आमच्याकडची एक म्हातारी आजी डबा घेऊन थेट बाहेरच्या खोलीत येऊन बसली. पिठलं, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. म्हणाली, "साहेब, माझ्या मालकाच्या मातीला तुम्ही आला, तीन दिवस येत राहिला. तवा मी म्हणलं का, त्रास कशाला? गप घेतलं ना मी? मग तुम्हाला माझं का चालत नाही?" मला उत्तर सुचलं नाही. भाकरी डाव्या हाताने मोडता येईना, तर तिनेच मोडून पिठल्यात कुस्करून दिली. मी खालमानेने जेवलो. भूक होती, पण जास्त आठवते ती लाज.

त्या महिन्याचं प्रभुभोजन आणखी कठीण गेलं. झग्याची बटणं मला लागेनात. मंडळीत घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे काका आहेत, त्यांनी ती एकेक करून लावली, वरून खाली, तोंडाने काही न बोलता. वेदीपुढे भाकर मोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी एका बाजूने धरली, मी दुसऱ्या बाजूने ओढली. 'तुमच्यासाठी मोडलेलं शरीर' हे शब्द मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. त्या दिवशी घशात अडकले.

नंतर लक्षात आलं की दरवर्षी पवित्र गुरुवारी मी हेच बघत होतो. पाय धुण्याचा विधी असतो तेव्हा धुणारे भरपूर मिळतात. पाय पुढे करणारे बारा जण जमवताना मात्र माझी दमछाक होते. "नखं वाढलीत," "भेगा आहेत," "तिथे दुसऱ्या कुणाला बसवा." योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्रही हेच म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. आपण त्याला नम्रता समजतो. प्रभू समजला नाही. तो म्हणाला, मग तुला माझ्याबरोबर वाटा नाही.

तर आता काय करायचं. नम्र व्हायचा प्रयत्न करू नका, ते आणखी एक कर्तृत्व होऊन बसेल. चाळीस दिवस उपवास वगैरे तर मुळीच नको. उपवास तुम्हाला जमेल, तीच अडचण आहे.

रोज रात्री एक गोष्ट मागा, स्वतःसाठी, एका वाक्यात. 'प्रभू, मला उद्याच्या मीटिंगची भीती वाटते, मला धीर दे,' इतकी साधी. लांब प्रार्थना नको, जगासाठी नको. पहिले काही दिवस तोंड कडू होईल. दुसरं, आठवड्यातून एकदा माणसाकडे काहीतरी मागा आणि परतफेड करू नका. शेजाऱ्याने दवाखान्यात सोडलं तर पेट्रोलचे पैसे त्याच्या खिशात कोंबायचे नाहीत. हे उपवासापेक्षा जड जाईल, बघा. तिसरं, याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायाचं सोळावं वचन शब्दशः पाळा. एक माणूस निवडा, ज्याच्यापुढे आपली चूक नावानिशी कबूल करता येईल. पाळकच असायला हवा असं नाही. कमिटीतला मात्र नको.

एक गोष्ट वेगळी सांगतो. झोप उडाली आहे, दोन वर्षं प्रार्थनेत शब्द निघत नाही, हे सगळं गर्वाच्या खात्यावर टाकू नका. ते आजारपणही असू शकतं. चांगल्या डॉक्टरांना दाखवा. 'मला काय झालंय?' म्हणत तुम्ही त्यांच्यापुढे बसाल, तर तेही मागणंच आहे, आणि तुमच्यासाठी सोपं नाही हे मला ठाऊक आहे.

पत्नीचं वाक्य तुम्हाला टोचलं. पण त्यात देवाबद्दल जेवढं आहे तेवढंच तिच्याबद्दल आहे, असा मला दाट संशय आहे. 'तुम्हाला देवाची गरज लागते कुठे' हे वाक्य 'देवाची' हा शब्द काढून एकदा वाचा. मग तिच्याशी बोला, माझ्याशी नंतर.

राहिली कमिटी. राजीनामा देऊ नका. तो दिलात की तुमच्या त्यागाची दोन वर्षं चर्चा होईल, आणि ती तुम्हाला मनातून आवडेल. त्यापेक्षा युवक संघातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा आणि हिशेबाची वही त्याच्या हातात द्या. तो तुमच्यापेक्षा हळू करेल, पावत्या हरवेल, बेरीज चुकवेल. तुमचा हात पेनाकडे जाईल. तेव्हा काय केलंत ते मला लिहा.

तुमचा,
पाळक